अळंबीच्या बारशाआधी

पावसाळा लागला की माझ्या फोनवर छत्र्यांचे फोटो यायला लागतात. ओल्या ओंडक्यावरच्या, शेणावरच्या, वारुळावरच्या, सोसायटीच्या हिरवळीवरच्या. खाली प्रश्न दोनच. ‘खायची आहे का?’ आणि हल्ली जास्त करून, ‘नवी जात आहे का?’ पहिल्याचे उत्तर मी फोटोवरून कधीच देत नाही. दुसऱ्याचे देताच येत नाही. पण दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी असतात, वनरक्षक असतात, ट्रेकला जाणारी पोरे असतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या हाताला खरोखरच नवी जात लागलेली असू शकते. हा लेख त्यांच्यासाठी.

शक्यता किती, ते आधी पाहू. जगात आजवर नाव मिळालेल्या कवकांच्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. डेव्हिड हॉक्सवर्थ आणि रॉबर्ट ल्युकिंग यांनी २०१७ साली मांडलेल्या अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. वर्षाला दोन-अडीच हजार नव्या जाती जाहीर होतात. म्हणजे कमीत कमी आकडा धरला तरी उरलेल्यांची बारशी उरकायला आठ-नऊशे ते हजार वर्षे जातील. त्यासाठी घनदाट अरण्यातच जावे लागते असेही नाही. लंडनच्या क्यू उद्यानातल्या ब्रिन डेंटिंगर आणि लॉरा सूझ यांनी दुकानातून वाळवलेल्या पोर्चिनी अळंबीचे एक पाकीट आणले, त्यातल्या पंधरा तुकड्यांचा डीएनए तपासला, तर त्यांत तीन जाती निघाल्या आणि तिन्हींना शास्त्रीय नाव नव्हते. माल चीनमधून आलेला. पिढ्यान् पिढ्या लोक खात असलेली, निर्यात होणारी, पाकिटावर किंमत छापलेली अळंबी, आणि शास्त्राच्या वहीत तिची नोंदच नाही! ही हकिकत २०१४ साली प्रसिद्ध झाली.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरून घेतो. मराठी विश्वकोशाच्या रिवाजाप्रमाणे मी ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस असे लिहितो. वर्तमानपत्रे नेमके उलट लिहितात. तुम्ही काहीही लिहा, पण एकाच लेखात दोन्ही नको.

आता मुद्द्याचे. माझ्या संग्रही एका जांभळट छत्रीचे अकरा फोटो आहेत, आंबोलीच्या वाटेवर काढलेले. टोपीच्या कडेला झालर, देठावर रुपेरी खवले. तशी छत्री मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिलेली नाही. त्या दिवशी पाऊस झोडपत होता, पिशवीत जागा नव्हती, म्हटले उद्या परत येऊन घेऊ. दुसऱ्या दिवशी तिथे काळा चिखल होता. पुढची चार वर्षे त्याच वळणावर त्याच आठवड्यात जाऊन आलो. फोटो फार सुंदर आले आहेत. उपयोग शून्य. कारण कवकांच्या नामकरणात नाव चिकटते ते नमुन्याला, फोटोला नाही. जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना एक वाळवलेला नमुना ‘प्रमाण नमुना’ म्हणून जाहीर करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे ते लिहावे लागते. पुढे कुणालाही शंका आली, तर त्याने तो नमुना मागवून घेऊन स्वतः पाहावे, अशी ती सोय आहे.

तेव्हा तोडताना संकोच करू नका. छत्री हे त्या कवकाचे फळ. खरे कवक मातीत किंवा लाकडात तंतूंच्या जाळ्यासारखे पसरलेले असते. आंबा उतरवला म्हणून झाड मरत नाही. मात्र सगळ्या छत्र्या उपटू नका. एक कळी, एक अर्धी उमललेली, दोन पूर्ण उघडलेल्या एवढ्या घ्या, बाकीच्या राहू द्या. देठ वरून मोडून घेऊ नका, सुरीने बाजूची माती उकरून मुळापासून काढा. देठाच्या बुडाशी पिशवी आहे की नाही, यावर कित्येकदा सगळी ओळख अवलंबून असते आणि ती पिशवी जमिनीत गाडलेली असते. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात असाल, तर यातले काहीही करण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच करा.

प्लास्टिकची पिशवी नको. त्यात छत्रीला घाम फुटतो आणि घरी पोचेपर्यंत लगदा होतो. वेताची किंवा बांबूची टोपली आणि वर्तमानपत्राच्या पुड्या, याहून चांगले साधन मला माहीत नाही. प्रत्येक पुडीत एकच गोळा केलेली वस्तू आणि एक क्रमांक. तोच क्रमांक वहीत, तोच फोटोंच्या नावांत, तोच पुढे वाळवलेल्या पाकिटावर. क्रमांक हरवला की नमुना अनाथ झाला समजा.

वहीत काय लिहायचे? जे वाळल्यावर नाहीसे होणार आहे ते. रंग, वास, चिकटपणा, कापल्यावर मांस निळे पडते का, दूध निघते का, टोपीखालच्या पात्या देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या. कशावर उगवली: माती, पालापाचोळा, सागाचे लाकूड की जिवंत आंब्याचे खोड? शेजारी कोणती झाडे? तारीख, ठिकाण, उंची, फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. वासासाठी सुंदर शब्द शोधू नका. ‘कच्च्या बटाट्यासारखा’, ‘ओल्या पोत्यासारखा’ असे लिहा. फोटो चार तरी हवेत: वरून, खालून पात्यांचा, देठाच्या बुडाचा आणि उभी चिरल्यावरचा. बाजूला पट्टी ठेवा. नाणे ठेवू नका. परदेशातल्या वाचकाला आपल्या रुपयाचा व्यास माहीत नसतो.

घरी आल्यावर आंघोळीआधी बीजाणूंच्या ठशाची मांडणी करा. हे काम इतके सोपे आहे की लोक ते टाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पांढऱ्या, खवलेदार, ताटलीएवढ्या छत्र्या गोल रिंगण धरून उगवल्या. शेजारच्या काकूंनी टोपलीभर काढून आणल्या होत्या.

‘अहो, बाजारातल्या बटण मश्रूमचीच मोठी बहीण दिसतेय की,’ काकू म्हणाल्या.

‘काकू, उद्या सकाळपर्यंत थांबा. एक मला द्या.’

देठ कापला, टोपी पात्यांच्या बाजूने कागदावर ठेवली. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा, म्हणजे कोणत्याही रंगाचा ठसा दिसतो. वर आमटीची वाटी पालथी घातली, वारा लागू नये म्हणून. सकाळी वाटी उचलली, तेव्हा कागदावर पात्यांच्या बारीक आऱ्या उमटल्या होत्या आणि रंग होता मेंदीच्या पुडीचा, मळकट हिरवा. बटण मश्रूमचा ठसा गडद चॉकलेटी येतो. हिरवा ठसा पाडणारी ही क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, हिरवळीवर उगवणारी आणि काही तासांत उलट्या-जुलाबांनी आडवी करणारी. काकूंनी टोपली खताच्या खड्ड्यात रिकामी केली. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण निळी होते, किड्याने खाल्ली म्हणजे बिनविषारी, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही अमानिटा जातींचे विष तर सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा लक्षणे दाखवते, मधे बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृत निकामी होत असते. तुम्ही नव्या जातीच्या शोधात असाल, तर तुमच्या हातातली वस्तू आजवर कुणी तपासलेली नाही एवढे लक्षात ठेवा. ती तोंडात घालायची नाही.

ठसा पडला की टोपीच्या आतल्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा स्वच्छ चिमट्याने काढून सिलिका जेलच्या डबीत टाका, हा डीएनएसाठी. बाकीची छत्री वाळवा. आपल्याकडे ऐन हंगामात ऊन नसते, त्यामुळे फळे वाळवण्याचे घरगुती यंत्र घ्यावे, नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा दिवा लावून वर जाळी ठेवावी, दिव्यापासून पुठ्ठा लांब राहील असे पाहून. चाळीस ते पंचेचाळीस अंश पुरेत. त्याहून तापले की नमुना वाळत नाही, शिजतो. पापडासारखा कडकन मोडला पाहिजे. मग कागदी पाकीट, बाहेरून हवाबंद पिशवी, आत सिलिका. संग्रहालयात देण्याआधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवला, तर आतले किडे मरतात.

सूक्ष्मदर्शकाखालचे काम पुस्तकावरून शिकता येत नाही. कुणाजवळ तरी बसून शिका. दाढीच्या ब्लेडने पातीचा काप घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीन ते पाच टक्के द्रावणात फुगवायचा, काँगो रेडने रंगवायचा आणि तेलाच्या भिंगाखाली बीजाणू मोजायचे. कमीत कमी वीस-तीस बीजाणू मोजा, तेही ठशातले, कारण तिथले पक्व असतात. लांबी, रुंदी आणि दोहोंचे गुणोत्तर. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात ते निळेकाळे होतात का, तेही नोंदवा. आणि भिंग बदलले की मोजपट्टी पुन्हा जुळवा. मी विद्यार्थी असताना चाळीसच्या भिंगावर जुळवलेले माप शंभरच्या भिंगाला तसेच लावले. माझे बीजाणू वीस मायक्रॉन भरले. त्या प्रजातीत एवढे मोठे बीजाणू कुणी पाहिलेच नव्हते. तीन आठवडे मी हवेत होतो, मनात नावसुद्धा ठरवून ठेवले होते. मग मार्गदर्शकांनी माझ्या खुर्चीत बसून एकदा मोजले, आठ मायक्रॉन आले, आणि ते म्हणाले, ‘तुझी नवी जात भिंगात जन्मली, भिंगातच वारली.’

डीएनएबद्दल लोकांच्या कल्पना जरा अवाजवी आहेत. कवकांच्या ओळखीसाठी आयटीएस नावाचा तुकडा वापरतात. तो साधारण सहा-सातशे अक्षरांचा असतो आणि २०१२ पासून तोच कवकांचा अधिकृत ‘बारकोड’ मानला जातो. तो वाचून जेनबँक या डीएनए-नोंदींच्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहायचा. जवळची नोंद ९४ टक्के जुळली की विद्यार्थी आनंदाने उड्या मारतात. थांबा. जेनबँकेत चुकीच्या नावाने घातलेल्या नोंदी भरपूर आहेत, आणि ज्या हजारो जुन्या जातींचा डीएनए कुणी वाचलेलाच नाही त्या तिथे दिसणारच नाहीत. जुळले नाही याचा अर्थ ‘नवी’ असा नसतो. ‘इथे नोंद नाही’ एवढाच असतो. काही प्रजातींत तर आयटीएस दोन जातींना वेगळे दाखवूच शकत नाही, आणखी दोन-तीन जनुके वाचावी लागतात. नुसत्या डीएनएच्या अक्षरांना प्रमाण नमुना करून नाव देणेही सध्याच्या नियमांत बसत नाही.

खरे कष्ट पुढे आहेत, ग्रंथालयात. कवकांची नावे १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसच्या ग्रंथापासून मोजली जातात, आणि आधी दिलेले नाव मोठे. तुमची छत्री दीडशे वर्षांपूर्वी कुणी दोन ओळींत वर्णन करून ठेवली असेल, तर ती तुमची नाही. सह्याद्रीत काम करणाऱ्याने आधी श्रीलंकेकडे पाहावे. पेरादेनियाच्या बागेतून गेलेल्या नमुन्यांवर एकोणिसाव्या शतकात बर्कली आणि ब्रूम यांनी ढिगाने जाती वर्णिल्या, पुढे टॉम पेच यांनी भर घातली, आणि डेव्हिड पेग्लर यांनी ते नमुने पुन्हा तपासून १९८६ साली श्रीलंकेच्या छत्र्यांचा ग्रंथ काढला. तिथला ओला प्रदेश आणि आपला घाट हे एकाच घराचे दोन सोपे आहेत. केरळचे काम पाहावे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, १९८० साली नैर्ऋत्य भारतातल्या छत्र्यांवर प्रबंध काढला, त्यात महाराष्ट्राचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचल्याशिवाय ‘महाराष्ट्रातून प्रथमच’ हे शब्द लिहू नयेत. मला विचाराल तर नव्या जातीचे दहा दावे घेऊन आलेल्यांतले सात-आठ इथेच परत जातात, आणि हे चांगलेच आहे.

नमुना जपला की काय होते, याचे माझे आवडते उदाहरण पेनिसिलिनचे. फ्लेमिंगने १९२९ च्या निबंधात आपल्या बुरशीला पेनिसिलियम रुब्रम म्हटले. ते चुकले होते. चार्ल्स थॉम यांनी तिला नोटॅटम ठरवले. पुढे नोटॅटम क्रायसोजेनममध्ये विलीन झाले आणि २०११ साली जनुके तपासल्यावर फ्लेमिंगची बुरशी पेनिसिलियम रुबेन्स निघाली. ऐंशी वर्षांत चार नावे. मूळ बुरशी जिवंत जपून ठेवलेली होती, म्हणूनच चूक सुधारता आली. माझ्या आंबोलीच्या जांभळ्या छत्रीबद्दल चूक करायचीसुद्धा सोय नाही.

नमुना कुठे द्यायचा? घरच्या कपाटात नक्कीच नाही. आघारकर संस्थेत प्रा. आजरेकरांच्या नावाचे कवक संग्रहालय आहे, आणि जिवंत कवकांसाठी राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहही तिथेच आहे. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना सरकारने नेमलेल्या भांडाराला द्यावा लागतो. नेमलेल्या संस्थांची यादी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे मिळते. परदेशातल्या तज्ज्ञाला टपालाने तुकडा परस्पर पाठवू नका, हेतू कितीही शुद्ध असला तरी.

आता नाव. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते: अल्बस, अल्बा, अल्बम. इंग्रजीतून शिकलेल्या मुलांना हे पाठ करावे लागते. आपण काळा, काळी, काळे म्हणतच मोठे झालो. फक्त प्रजातीचे लिंग पाहून घ्यायचे. अगॅरिकस पुल्लिंगी, अमानिटा आणि मायसिना स्त्रीलिंगी, मायसिसने संपणारी सगळी पुल्लिंगी. गावावरून नाव द्यायचे तर एन्सिस लागते, नपुंसकलिंगी प्रजातीला एन्से. माणसाच्या सन्मानार्थ द्यायचे तर षष्ठी लावतात, आणि बाईंच्या आडनावाला पुरुषाची षष्ठी लावणे ही नेहमीची चूक आहे. वारुळावरच्या अळंबीची टर्मिटोमायसिस ही प्रजाती रॉजे हाइम यांनी १९४२ साली स्थापली, मद्रासच्या के. नटराजन यांनी १९७९ साली तिच्यातल्या एका भारतीय जातीला टर्मिटोमायसिस हाइमी असे नाव देऊन ते ऋण फेडले. स्वतःचे नाव स्वतःच्या जातीला द्यायला नियम आड येत नाही, पण लोक हसतात.

मला मात्र त्या लंडनच्या पाकिटातली नावे जास्त आवडतात. बाइन्युगान, मेइवेइन्युगानजुन, शीयोंग. पहिली दोन बैलाच्या यकृतावरून आलेली चिनी नावे, तिसरे म्हणजे नुसते ‘खाद्य’. तिकडच्या लोकांचे शब्द तसेच्या तसे नावात घेतले. आपल्याकडे गोव्यात अळमी आहे, विदर्भात सात्या आहेत. ज्या कातकरी किंवा माडिया बाईने तुम्हाला ती जागा दाखवली तिच्या भाषेतला शब्द जातीच्या नावात घालायला काहीच हरकत नाही. तिला विचारून घाला, आणि निबंधात ‘शोध लावला’ असे लिहिताना जरा हात आखडता घ्या.

कागदोपत्री भाग थोडक्यात. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लागायचे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. १ जानेवारी २०१३ पासून नाव प्रसिद्ध होण्याआधी मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका नोंदणीत क्रमांक घेऊन तो निबंधात छापावा लागतो. क्रमांक फुकट मिळतो. क्रमांक नसेल, तर नाव वैध ठरत नाही, वर्णन कितीही सुंदर असो. वर्तमानपत्रात आधी बातमी देऊन मग निबंध लिहायची घाई करू नका. बातमीतले नाव शास्त्राच्या दृष्टीने हवेतच राहते आणि निबंधात ते बदलायची वेळ आली की पंचाईत होते. निबंध कुठे पाठवावा असे विचाराल, तर मायकॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचे नियतकालिक आहे; त्याचे नावच ‘कवक’.

आणि एका छत्रीवर नवी जात जाहीर करू नका. पुढच्या पावसात पुन्हा जा, शक्य तर दुसऱ्या डोंगरावरही शोधा. पाकिटांसाठी कागद मे महिन्यातच कापून ठेवा, सिलिका जेल तव्यावर परतून निळे करून घ्या, वहीला प्लास्टिकचे कव्हर घाला. शाईचे पेन नेऊ नका. पहिल्याच सरीत अक्षरे वाहून जातात, शिसपेन्सिल टिकते.